धंदेशिक्षण : आधी शिकणारा, मग यंत्र

दरवर्षी स्मरणिका हाती पडली म्हणजे आपण प्रथम गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे पाहतो, आणि ते योग्यच आहे. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी सही करणारा मनुष्य विरळा, त्या घरांतील मुली आज इंजिनियर व डॉक्टर होत आहेत, ही साऱ्या समाजाला भूषणावह गोष्ट होय. परंतु ज्यांची छायाचित्रे ह्या पृष्ठांवर कधीच येत नाहीत, त्यांची संख्या किती? दहावीला अडखळलेला मुलगा, लग्नामुळे शाळा सुटलेली सून, कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत घरी बसलेला गृहस्थ, हीही आपलीच माणसे आहेत. मोहन्यात शिक्षकी करीत असता आम्ही ज्यांच्या पाट्या तपासल्या, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले ह्याच वर्गात मोडतात, हे आम्हांस विसरता येत नाही.

यंदा मंडळाच्या सभेत शिक्षण-निधीतून एखादा अल्प मुदतीचा धंदेशिक्षणाचा वर्ग काढावा, अशी सूचना पुढे आली. सूचना स्तुत्य आहे. परंतु तीवर जी चर्चा झाली ती बहुतांशी यंत्रांची झाली. शिवणयंत्रे घ्यावीत की संगणक, किती घ्यावेत, कोणाच्या हस्ते उद्घाटन करावे, ह्यांत वेळ गेला. शिकणारा कोण, त्यास काय येते, काय हवे आहे आणि कोणत्या वेळी तो मोकळा असतो, हे कोणीच विचारले नाही. हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात गेली सव्वाशे-दीडशे वर्षे तो निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला आहे, आणि त्याची बरीवाईट उत्तरेही मिळालेली आहेत. ती ज्ञातिबांधवांपुढे मांडावीत, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आपल्याकडे धंदेशिक्षण इंग्रजांनी आणले असे मानण्याचा प्रघात आहे, तो बरोबर नाही. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी ह्या बलुतेदारांच्या घरी पोराला हातोडी धरता येऊ लागली की त्याचे शिक्षण सुरू होई. त्या शिक्षणात काही गुण असे होते की ते आजच्या वर्गांतही क्वचितच आढळतात. भाषा घरची होती, गुरू स्वतः तेच काम करून पोट भरणारा होता, आणि पोराने केलेला पहिला फाळ वा पहिले मडके विकत घेणारे गिऱ्हाईक गावातच होते. दोष एकच, पण तो फार मोठा होता. ह्या शाळेचे दार जन्माने उघडे आणि जन्मानेच बंद होई. सुताराच्या मुलास वैद्य व्हावेसे वाटले किंवा महाराच्या मुलास सोनारी शिकावीशी वाटली, तर त्यास वाट नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवर लिहिताना ह्याच वर्मावर बोट ठेवले. जातीने केवळ श्रमांची वाटणी केली नाही, तर श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. आपले मंडळ ज्ञातीच्या नावाने चालते, म्हणून हा इशारा आपण तर विशेषच लक्षात ठेवला पाहिजे.

अभ्यासक्रम शिकणाऱ्याच्या जीवनास धरून असावा, ही मागणी स्पष्ट शब्दांत करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रणी होत. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल ह्यांबरोबर शेतीचे मूलज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी सांगितले. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरातल्यापेक्षा कमी असला तरी चालेल, पण तो कमी व्यवहारोपयोगी असता कामा नये, आणि शेतीच्या धड्यांसाठी शाळेस जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकही नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारे असावेत, ही त्यांची अपेक्षा होती. आज एखाद्या वर्गास शिक्षक नेमताना आपण प्रमाणपत्रे पाहतो. हात पाहण्याची बुद्धी जोतीरावांनी तेव्हाच दिली होती.

ह्यानंतर पाचच वर्षांनी, १८८७ साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरण्यांना कुशल माणसे पुरविण्याचे थोर कार्य तिने केले व आजही ती नामांकित आहे. तथापि तेथील शिक्षण इंग्रजीतून चाले. त्यामुळे साच्यावर प्रत्यक्ष उभा राहणारा कोकणातला वा घाटावरचा कामगार तिच्या पायरीपर्यंत पोहोचणे कठीण होते. ह्याच्या उलट उदाहरण बडोद्याचे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखाली १८९० साली तेथे कलाभवन उघडले. त्याचे सूत्रधार प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः सुतार ज्ञातीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम हे विषय देशी भाषांतून शिकवावयाचे, आणि त्यासाठी देशी भाषांत पारिभाषिक शब्द व पुस्तके तयार करावयाची, असा त्यांचा आग्रह होता. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके ह्याच कलाभवनाचे विद्यार्थी, एवढे सांगितले म्हणजे त्या शिक्षणाची फलश्रुती ध्यानात येईल. शिकणाऱ्याची भाषा ही त्याची पहिली गरज होय, हा धडा आपणांस बडोद्याने दिला.

दुसरा धडा स्त्रियांनी दिला. १९०९ साली श्रीमती रमाबाई रानडे ह्यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांच्यापुढे ज्या स्त्रिया होत्या त्यांत लहान मुली थोड्या, विधवा व परित्यक्ता पुष्कळ. ह्या स्त्रियांना पदवी नको होती. स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल असे काम हवे होते, आणि तेही लवकर. म्हणून लेखन-वाचनाच्या जोडीला शिवण, परिचर्या, सुईणपण, शिक्षिकेचा अभ्यासक्रम अशा शाखा सेवासदनाने उघडल्या, आणि परिचर्येच्या शिक्षणासाठी स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठविले. उच्चवर्णीय विधवेने परक्या रोग्याची शुश्रूषा करावी, हे त्या काळी अनेकांस रुचले नाही. पण शिकणारीची गरज आणि समाजाची गरज जेथे एकत्र येते, तेथे टीका फार काळ टिकत नाही. पुढे दोन वर्षांनी, १९११ मध्ये, मुंबईत श्री. ना. म. जोशी ह्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापिली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा व वाचनालये काढली. कामगार दिवसा येऊ शकत नाही, तर शाळेने रात्री जागावे, इतका साधा हा विचार होता.

तिसरा धडा तर आपल्या अंगणातला आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, आणि शस्त्र खाली ठेवून घरी येणाऱ्या लाखो सैनिकांना काम कोठून द्यावयाचे, हा प्रश्न सरकारपुढे पडला. त्याकरिता जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले व माजी सैनिकांसाठी प्रशिक्षण-केंद्रे निघाली. दोनच वर्षांनी फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ह्याच छावणीत आसरा मिळाला, आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. निर्वासितांनाही त्या प्रशिक्षण-केंद्रांचे दार उघडण्यात आले. ह्याच व्यवस्थेतून १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आकारास आली, आणि आज गावोगाव ज्यांना आपण आयटीआय म्हणतो त्या संस्थांचा वंश तेथून चालत आला. म्हणजे ज्या संस्थेत आज दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तिच्या मुळाशी गुणपत्रिका नव्हती. पूर्वीचे जीवन मोडलेल्या माणसास नव्याने कसे उभे करावे, ही चिंता होती.

येथे एक सावधगिरीचे उदाहरण सांगणे अवश्य आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी एक शिक्षण-योजना आणली. मुलाने अर्धा दिवस शाळेत शिकावे व उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, असे तिचे स्वरूप होते. हेतू काहीही असो, लोकांनी तिचा अर्थ असा घेतला की चांभाराच्या मुलाने चांभारच राहावे. मोठे आंदोलन झाले. १९५४ साली राजाजींनी पद सोडले, आणि त्यांच्या मागून आलेल्या कामराज ह्यांनी ती योजना रद्द केली. तात्पर्य, शिकणाऱ्याची गरज कोणती हे दुसऱ्याने त्याच्या कुळावरून ठरविणे, हा धंदेशिक्षणाचा सर्वांत मोठा अपराध होय. गरज त्याची, तर तिचा उच्चारही त्यानेच केला पाहिजे.

हे तत्त्व पद्धतशीरपणे अमलात आणण्याचा हिंदुस्थानातील पहिला प्रयोग आपल्या मुंबईत झाला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. मार्च १९६७ मध्ये वरळी येथे श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. केंद्रीय शिक्षण मंत्रालय व युनेस्को ह्यांच्या साहाय्याने मुंबई शहर समाजशिक्षण समितीने ते चालविले. नाव विद्यापीठ असले तरी तेथे पदवी नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती, ठरावीक पुस्तकेही नव्हती. नेहमीच्या शाळेत अभ्यासक्रम आधी तयार असतो व विद्यार्थी त्यात बसवावा लागतो. येथे क्रम उलटा होता. कार्यकर्त्यांनी प्रथम कारखान्यांत व वस्त्यांत जावयाचे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या कामगारांचा एक गट धरावयाचा. कामात त्यांना काय अडते, हे त्यांस विचारावयाचे व त्यांच्या वरिष्ठांसही विचारावयाचे. मग त्या गटापुरता अभ्यासक्रम आखावयाचा, आणि वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे ठरवावयाची. शिकविण्यास पगारी प्राध्यापक नसून त्याच धंद्यातले जाणकार थोड्या वेळासाठी बोलवावयाचे.

दुसरे वैशिष्ट्य असे की कामगार म्हणजे केवळ दोन हात, असे त्या विद्यापीठाने मानले नाही. एकाच अभ्यासक्रमात यंत्राच्या माहितीबरोबर हिशेब, कामगार-कायदे, आरोग्य, कुटुंबाचा खर्च व नागरिकाची कर्तव्ये हे विषय गुंफलेले असत. म्हणूनच त्या पद्धतीस बहुपेडी प्रौढशिक्षण म्हणता येईल. दोरीचे पेड वेगळे केले तर एकेक तुटतो, एकत्र वळले तर भार पेलतात, तसेच हे होते. वरळीचा हा नमुना पुढे देशात अन्यत्र नेण्यात आला. २००० साली ह्या संस्थांस जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले व कार्यक्षेत्र खेड्यांपर्यंत वाढले, आणि २०१८ साली त्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. निरक्षर, नवसाक्षर व शाळा सोडलेल्यांसाठी त्यांच्या वस्तीजवळ वर्ग चालविणे हे त्यांचे काम, आणि त्यांचा लाभ घेणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या फार मोठी आहे.

परंतु उत्तम पद्धतही काळाच्या प्रचंड लोंढ्यापुढे अपुरी पडते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील फार मोठी संख्या पुन्हा कामावर गेली नाही. पुढे १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापिला. काम गेलेल्यांना नुकसानभरपाई द्यावी, नवे शिक्षण द्यावे व नव्या कामात बसवावे, असा त्याचा त्रिविध हेतू होता. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यातच खर्ची पडला, आणि शिक्षणाचा भाग दुबळा राहिला. रक्कम देणे एका दिवसात होते. पंचेचाळीस वर्षांच्या साचेवाल्यास तू आता काय करू इच्छितोस असे विचारून त्यास नव्याने घडविणे, हे धिमे व कष्टाचे काम आहे.

त्याच काळात खेड्यांत दोन प्रयोग झाले, ते ह्या निराशेवरचा उतारा म्हणून सांगतो. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ ह्या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेला व मोठ्या कंपनीच्या संशोधन-विभागात काम केलेला हा गृहस्थ शाळेत नापास झालेल्या मुलांना वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती व पशुपालन एका वर्षात शिकवू लागला. मुले जे करीत ते गावातल्या गिऱ्हाइकासाठी खरेखुरे करीत, त्यामुळे काम चुकले तर गिऱ्हाईकच सांगे. दुसरा प्रयोग सातारा जिल्ह्यातील म्हसवडचा. श्रीमती चेतना सिन्हा ह्यांनी तेथील बायकांची सहकारी बँक काढावयाचे मनात घेतले. प्रवर्तक सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका नाउमेद झाल्या नाहीत. त्या लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्हांस तोंडी विचारा असे म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्यांनी व्यवसाय-शिक्षणाची शाळा काढली, आणि घर सोडून येणे ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे ती शाळा बसगाडीत घालून नेली. ज्यांना निरक्षर म्हणून नाकारले त्यांना हिशेब येतच होता, कमी होते ते अक्षर, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिकणाऱ्यास काय येत नाही ह्याच्या आधी काय येते हे पाहावे, हा म्हसवडचा धडा.

आता मोहन्याकडे वळू. उल्हास नदीच्या काठी नॅशनल रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि आंबिवली स्टेशनाभोवतालच्या गावांचे जीवन त्याच्या भोंग्यावर चालू लागले. २००९ साली तो बंद पडला. हजारो कुटुंबांवर त्याचा आघात झाला, त्यांत आपल्या समाजाची कुटुंबेही होती. तो इतिहास येथे उगाळत नाही. धंदेशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कामगार म्हणून सारे एक दिसत असले तरी त्यांच्या गरजा एक नव्हत्या. फिटर, वीजतंत्री वा बॉयलरवाला ह्यांचे कसब दुसऱ्या कोठल्याही कारखान्यात चालण्यासारखे होते. त्यांना शिकवावयाचे नव्हते, त्यांच्या हाती मान्यताप्राप्त कागद हवा होता. बॉयलर सांभाळणाऱ्यास तर कायद्यानेच प्रमाणपत्र लागते. उलट कृत्रिम रेशमाचा धागा काढण्यात ज्याची हयात गेली, त्याचे कसब त्या यंत्राबरोबरच थांबले. त्यास खरोखर नव्याने शिकणे भाग होते. आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांपुढे प्रथमच मिळवतेपणाचा प्रश्न आला. त्यांना घराजवळचे, स्वयंपाकपाणी आटोपल्यावर जमणारे शिक्षण हवे होते. एकाच छपराखाली तीन प्रकारचे विद्यार्थी! त्यांना एकच वर्ग काढून दिला तर दोघांचा वेळ फुकट जाणार, हे सांगावयास पंडित नको. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अनुभवी माणसाच्या अंगच्या कसबाची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. पहिल्या वर्गातील माणसास सहा महिने बाकावर बसविण्यापेक्षा हा मार्ग अधिक मानाचा आहे.

ह्या सर्व इतिहासाचे सार काढावयाचे तर मंडळापुढे पाच प्रश्न ठेवावे लागतील. शिकणारा नेमका कोण? त्यास आज काय येते? कोणत्या भाषेत, कोठे व कोणत्या वेळी तो शिकू शकतो? त्याने केलेले काम विकत घेणारा किंवा त्यास कामावर ठेवणारा कोण? आणि वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी त्याची विचारपूस कोण करणार? ह्यांपैकी एकही प्रश्न यंत्राविषयी नाही. पाचांची उत्तरे मिळाली म्हणजे यंत्र कोणते घ्यावे हे आपोआप ठरते, आणि कित्येकदा घेण्याची गरजच उरत नाही. एखाद्या ज्ञातिबांधवाच्या गॅरेजात दोन मुले तीन महिने ठेवली, तर तेवढ्याने काम होते.

आमची सूचना अशी की पुढील सभेपूर्वी प्रत्येक वाडीतून दोन तरुण व दोन भगिनी ह्यांची निवड करावी, त्यांनी घरोघर जाऊन हे प्रश्न विचारावेत व उत्तरे वहीत उतरवून आणावीत. वरळीच्या कार्यकर्त्यांनी जे केले तेच हे आहे. त्यास पैसा लागत नाही, पाय लागतात. विचारताना एक पथ्य पाळावे. तुमचा परंपरागत धंदा कोणता, असे मुलास विचारू नये. तुला काय व्हावयाचे आहे, असे विचारावे. वर्गाचे दार आपल्या ज्ञातीपुरतेच ठेवण्याचा मोहही टाळावा. शेजारच्या घरची मुलगी आपल्या मुलीबरोबर बसून शिकली तर निधी कमी होत नाही, पुण्य मात्र वाढते. एका दाराआड शिक्षण कोंडल्याने काय झाले, ते बलुतेदारीच्या इतिहासाने दाखविलेच आहे.

शिक्षण-निधी हा आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्गणीच्या रुपयारुपयाने जमविलेला आहे. भोंग्यावर उठून पाळीला जाणाऱ्या माणसांच्या घामाचा तो पैसा आहे. तो धूळ खात पडणाऱ्या यंत्रांत अडकला तर दोष यंत्रांचा नसून न विचारता ती आणणाऱ्यांचा होईल. तोच पैसा दहा माणसांच्या खऱ्या गरजेस लागला, तर ज्यांची छायाचित्रे स्मरणिकेत कधी आली नाहीत त्यांच्या घरी चूल निर्वेध पेटेल, आणि समाजाच्या प्रगतीचे ह्याहून चांगले छायाचित्र दुसरे असणार नाही. ज्ञातिबांधव व भगिनींनी ह्याचा साकल्याने विचार करावा, अशी नम्र विनंती करून हा लेख येथेच पुरा करतो.